दिवा कोणी लावला होता?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सांगायला बसते आणि भलतंच काही बोलून उठते — आजही तसंच होईल की काय, कोण जाणे.

नांदेडात आमचं हौशी नाट्यमंडळ होतं. दिवसा कुणी बँकेत, कुणी शाळेत, मी रेल्वेच्या ऑफिसात, संध्याकाळी तालीम. त्या वर्षी प्रकाशसरांनी स्पर्धेसाठी एक जुनी परदेशी शोकांतिका निवडली आणि आपल्या बोलीत आणली. राजाला त्याचेच सरदार भर दरबारात मारतात. त्याआधी अपशकुन होतात, राणीला वाईट स्वप्न पडतं, ती म्हणते आज बाहेर जाऊ नका. मग एक सरदार गोड बोलून त्याच स्वप्नाचा चांगला अर्थ लावतो आणि राजाला घेऊन जातो.

राणी मला हवी होती. मंडळात मी जुनी, आणि — खरं सांगू? — मी गृहीतच धरलं होतं. सरांनी ती मंजूला दिली. मला दासी.

मंजू लातूरची. नांदेडला दिली होती. नवरा मोटारसायकलच्या अपघातात गेला, तरी ती सासरीच राहिली. सासूला ती अव्वा म्हणायची. अव्वा स्वतः तिला ऑटोनं तालमीला आणून सोडायच्या. "घरात बसून काय करून राहिलीस? जा, बोल जरा मोठ्यानं," असं म्हणणारी सासू. आणि मंजू बोलायला लागली की चहावालासुद्धा किटली हातात धरून उभा राहायचा. ती माझ्यापेक्षा चांगली होती. हे मला पहिल्याच वाचनाला कळलं होतं. म्हणून तर —

पहिल्या दिवशी नटराजापुढं समई ठेवली. राणी म्हणून सरांनी मंजूला दिवा लावायला सांगितलं. एप्रिलचा उकाडा, जीव नुसता कासावीस. मी भिंतीपाशी उभी होते, पंख्याचं बटण दाबलं. दिवा विझला. मंजूनं हसत पुन्हा लावला. विषय संपला. माझ्या मनात तेव्हा काहीही नव्हतं, एवढं खरं मानाल का? न मानलं तरी चालेल. पाप तिथं नाहीच, पुढं आहे.

पुढं तालमीत एक लेव्हल, म्हणजे उभं राहायचा लाकडी चौथरा, सरकली आणि राजाचं काम करणारा जोशी पडला. पायाला प्लास्टर. स्पर्धा तोंडावर. सगळे घाबरलेले. बाहेर चहा पिताना मी सुधाकररावांना म्हणाले, "पहिल्या दिवशीचा दिवा कोणी लावला होता, आठवतं का?"

बस. एवढंच. पंख्याचं बोलले नाही.

सुधाकरराव आमचे पहिला वार करणारे सरदार. त्यांना मंडळाचं अध्यक्षपद हवं होतं, सर आडवे येत होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "हाव. तिनंच लावला व्हता." संध्याकाळपर्यंत सर आणि मंजू सोडून बाकीच्यांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप झाला होता. पांढऱ्या पायाची, हा शब्द तिथं आधी कुणी लिहिला? मी नाही. पण मी तो वाचला आणि खाली पसंतीचा अंगठा टाकला.

बैठक ठरली. एकेकानं उठून बोलायचं, म्हणजे कुणा एकावर येणार नाही. तिला आणायला मी गेले. ती म्हणाली, "आज नको वाटून राहिलंय ग. सगळे गप्प गप्प का हायेत?" मी तिचा हात धरला. "काही न्हाई ग, तारखांचं बोलायचंय. चल." नाटकातल्या त्या सरदाराचं काम आमच्यात कुणाला नीट जमत नव्हतं. मला जमलं.

बैठकीत सगळे एकच बोलले, मंजू नको. सर संतापले, ओरडले, "लाज वाटत न्हाई का रे तुम्हाला?" पण सगळेच नाटक सोडून जायला निघाल्यावर तेही खाली बसले. मंजू कुणाशी भांडली नाही. मी बोलेन म्हणून ती माझ्याकडं बघत होती. मी पदराचा धागा ओढत बसले. नंतर जिन्यात ती रडली, तेव्हा तिला जवळ घेणारी मीच.

राणी मी केली. बरी केली म्हणे.

पण बोलणं काय हॉलमध्ये थांबतं? ते अव्वांपर्यंत गेलं. धाकट्या सुनेच्या बाळाच्या बारशाला मी गेले होते. बायका पाळण्याभोवती, मंजू स्वयंपाकघरात. ती पेढ्यांचं ताट घेऊन दारापर्यंत आली आणि अव्वांनी उंबऱ्यातच ते हातातून काढून घेतलं. "आत नको येऊस मंजू, लेकरू झोपलंय." लेकरू टक्क जागं होतं. तेव्हा सांगायला काय लागत होतं मला? एक वाक्य. मी पेढा खाल्ला.

महिन्याभरात मंजूनं किनवटकडं निवासी शाळेत नोकरी धरली. नाटक सुटलं, घरही सुटलं. मी अव्वांकडं जात राहिले. का, ते विचारू नका. एकदा त्या म्हणाल्या, "वंदना, मी चुकले ग. पोरीसारखी पोर. बोलवू का तिला परत?"

त्याच सकाळी मला मंजूचा मेसेज आला होता: इथं करमत न्हाई, अव्वा काही म्हणाल्या का?

ती परत आली असती, दोघी बोलल्या असत्या, आणि बोलता बोलता दिव्याच्या, माझ्या त्या पहिल्या वाक्यापर्यंत पोचल्या असत्या. मी म्हणाले, "राहू द्या अव्वा. ती तिकडं सुखात हाय. उगं जुनं कशाला उकरायचं?" आणि मंजूला लिहिलं, न्हाई ग, काहीच म्हणाल्या न्हाईत.

त्या थंडीत अव्वा गेल्या. ताप डोक्यात गेला, दोन दिवसांत आटोपलं. दवाखान्यात मी होते. त्या मंजूचं नाव घेत होत्या. तिला कळवलं ते मी नाही; ती पोचली तेव्हा सगळं झालं होतं. ओसरीत बायकांच्या घोळक्यातून वाट काढत ती सरळ माझ्याकडं आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "शेवटी तू तरी व्हतीस त्यांच्याजवळ. लई उपकार झाले तुझे." मग खालच्या आवाजात विचारलं, "माझी आठवण काढली व्हती का ग त्यांनी?"

बायका ऐकत होत्या. सुधाकररावांची बायकोही तिथंच बसली होती.

मी म्हणाले, "त्या शुद्धीतच नव्हत्या."