मशीनबाहेर राहिलेली अंगठी

आबांच्या पाठीचा एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "मणका कशानं तरी खाल्लाय. टीबी असेल, कॅन्सरही असेल. एमआरआय झाल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

आबा, म्हणजे माझे वडील, बाहेर बाकावर बसले होते. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, म्हणून दवाखान्यात आत मलाच बोलावतात. एरवी मला त्याचा अभिमान. त्या दिवशी वाटलं, दुसरं कुणी आत आलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर येऊन मी सांगितलं, "नस दबली आहे."

आबा नरडाण्याकडे कापूस करतात. मी जळगावला नोकरीला, म्हणून त्यांना इकडे आणलेलं. एमआरआयवाल्या पोरानं विचारलं, "आजोबा, अंगावर काही लोखंड?" आबांनी हात मागे घेतला. बोटात घोड्याच्या नालेची काळी अंगठी होती, साडेसातीत घातलेली. साबण झाला, तेल झालं. बोटाचा सांधा सुजलेला, अंगठी हलेना.

"आत लोहचुंबक आहे. हातासकट ओढून घेईल," पोरगा म्हणाला.

"मंग मनी मोटार विहिरमा पडेल शे, ती काढी दी का तुनं लोहचुंबक?"

पोरगा हसला. मला हसू आलं नाही. मी बी.एस्सी. फिजिक्सची, चुंबक लोखंडाचं काय करतं ते मला कुणी सांगायला नको होतं.

अंगठी कापायला रिक्षानं सराफ बाजारात गेलो. सोनार म्हणाला, "सोन्याच्या जळगावात येऊन लोखंड कापायला लावणारे तुम्हीच पहिले, आजोबा." आबांनी मूठ घट्ट मिटली.

"हाई काढी ते मंग माले कोन देखी?"

"आबा, हात द्या."

"नस दबनी म्हनस ना तू? नसले इतलं मोठं मशीन लागस का?" ते माझ्याकडे वळले. "कॅन्सर शे का माय?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि खरं बोलून गेले. "माले माहीत नही आबा. तेच देखानं शे."

आबांनी सोनाराकडे पाहिलं. मूठ सोडली. "काप."

बोटावर पांढरं वळं उरलं, कोवळ्या कातडीचं. कापलेली अंगठी त्यांनी माझ्या हातात दिली. दवाखान्यात परतल्यावर मशीन आत हातोडे मारल्यासारखं ठोकत होतं, आणि बाहेर मी ती मुठीत धरून बसले होते. असल्या गोष्टी मी मानत नाही. तरी मूठ सैल करायची हिंमत होत नव्हती.

संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म दाखवली. "दोन मणके गेलेत, आणि मधली गादीसुद्धा. कॅन्सर बहुतेक गादी सोडून देतो. हा टीबी वाटतोय. पण सुईनं तुकडा काढून तपासल्यावरच खात्री."

या वेळी मी आबांना आत बोलावलं आणि त्यांच्यासमोरच पुन्हा सांगायला लावलं.

"टीबी?" आबा घाबरले. "गावमा सांगू नको, बठ्ठा लोके दूर बसतीन."

टीबी ऐकून माझ्या जिवात जीव आला होता, आणि त्यांच्या जिवातला गेला होता. सुईचा रिपोर्ट यायचा होता. रिक्षात मी अंगठी त्यांच्यापुढे धरली.

"राहू दे तुनापाशी," ते म्हणाले. "परत मशीनमा जानं पडनं ते?"

रिपोर्ट येईपर्यंत ती माझ्या पर्समध्ये होती. ऑफिसात पाणी प्यायला उठले तरी पर्स घेऊन उठायचे. टीबीच निघाला, आणि त्यानंतरही मी ती पर्समधून काढलेली नाही.