शंभर दाणे

बाभुळगावचे भगवानराव तीस वर्षं एकाच दुकानातून सोयाबीनचं बियाणं घेतात, तरी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजतातच.

त्यांची लेक सुरभी घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते. परवा तिने आपला एआय एजंट पॅकेज रजिस्ट्रीला, म्हणजे तयार कोडच्या कोठाराला, जोडला. "बाबा, आता हा लागंल ते पॅकेज स्वतःच आनते अन् बसवते!"

"तपासते कोन?"

"तोच."

उगवलेले दाणे मोजता मोजता भगवानरावांचा हात थांबला. "आनते तो, तपासते बी तो. मंग तू कायले हायेस?"

सुरभी फणकारून उठली. पण संध्याकाळी तिने एजंटची पॅकेज बसवायची परवानगी काढून घेतली. आता प्रत्येक पॅकेज ती आधी जुन्या लॅपटॉपवर चालवून बघते. त्या लॅपटॉपचं नाव तिने गोणपाट ठेवलंय.