खोखोकाका गप्प बसले

खोखोकाका एकदा हसायला लागले की स्टेजवरच्या नटाला पुढचं वाक्य गिळून उभं राहावं लागे. आधी खांदे हलत, मग बारीक शिट्टीसारखा आवाज येई आणि मागून असा गडगडाट, की शेवटच्या रांगेत ज्यांना विनोद कळलेलाही नसे, तेही हसत सुटत. उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळातल्या पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. रेल्वेतून रिटायर होऊन माधव नगरात राहणारे हे गृहस्थ जन्मात कधी स्टेजवर चढले नाहीत, पण गणेशोत्सवातलं आमचं नाटक त्यांच्यावाचून उभं राहत नसे.

कारण रंगीत तालमीला आम्ही प्रेक्षक म्हणून त्यांना एकट्यालाच बोलवायचो. ते जिथे हसत तिथे थांबायला शिकायचो, जिथे हसत नसत ते वाक्य कापायचो. विनोदी नोकराचं काम बहुधा माझ्याकडे, त्यामुळे माझा सगळा जीव त्यांच्या खुर्चीकडे लागलेला. एकदा त्यांना टावर चौकात कचोरी खाऊ घातली आणि म्हटलं, "काका, माझ्या एंट्रीला जरा हसून द्या ना." कचोरी संपवून, हात पुसून म्हणाले, "भिया, कचोरी मस्त आहे. एंट्री बेकार आहे."

काकांच्या मुलाने घरी मोठा टीव्ही आणून जगातल्या सगळ्या विनोदी मालिका त्यांच्यापुढे उघडून ठेवल्या. "मजा नाही येत रे," ते मला सांगत. "एक तर ती मशीन माझ्या आधीच हसते. आणि मी एकटा हसलो की सूनबाई दार उघडून बघते, पप्पा, तब्येत ठीक आहे ना?" म्हणून ते आमच्या नाटकाची वाट बघत.

मग आमच्या सेक्रेटरीसाहेबांच्या अंगात चॅनल आलं. नाटक लाइव्ह दाखवायचं, तुकडे करून रील टाकायच्या. "हॉलमध्ये माणसं मावतात किती? ऑनलाइन सारी दुनिया बघेल!" दुनियेचं मला माहीत नाही, पण आमचे निम्मे लोक 'लाइव्ह आहेच ना' म्हणत घरी बसले. जे आले त्यांनी मोबाइल वर धरले. आणि आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून ही शहाणी मंडळी ओठ दाबून विनोदी नाटक बघत होती! स्टेजवरून ते बघताना माझं डोकं फिरत होतं.

माझ्या पहिल्याच वाक्याला काका फुटले. लगेच मागून एक बाई म्हणाल्या, "अंकल, जरा धीरे। आवाज आ रही है।" काकांनी वळून हात जोडले. नंतर त्यांचे नुसते खांदे हलताना दिसत, तोंडावर रुमाल. दुसऱ्या अंकात खांदेही थांबले.

नाटक संपल्यावर मी सेक्रेटरींशी कडाडून भांडलो. ते मला व्ह्यूज दाखवत राहिले. काकाच मध्ये पडले, "जाऊ दे यार. त्यांची रेकॉर्डिंग खराब होत होती ना." पुढच्या वर्षी तालमीला बोलवायला गेलो, तर म्हणाले, "कुठे हसू, कुठे दाबू, हे बघत बसलो तर नाटक कधी बघू? तुम्ही करा. मी मोबाइलवर बघून घेईन." ते काही आले नाहीत. त्या वर्षी कुठे थांबायचं ते आम्हाला कळलं नाही आणि आम्ही नाटक धावत संपवलं. मला अजून त्याचा संताप येतो.

यंदा काका गेले. सेक्रेटरी धरून मंडळाचे आम्ही चारजण भेटायला गेलो तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "पप्पांचे फोटो खूप आहेत हो, आवाज कुठेच नाही." मी म्हटलं, आहे, आपल्या चॅनलवर आहे. सूनबाईंच्याच मोबाइलवर ते नाटक लावून माझी एंट्री काढून दिली. तिथे तरी ते मनापासून हसले होते.

पडद्यावर मी आलो, वाक्य टाकलं आणि थांबलो. समोर अगदी शांत. मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते चाचरत म्हणाले, "मागाहून हॉलचा सगळा नॉइज काढून टाकला होता. ऑडियो क्लीन पाहिजे ना."

सूनबाईंचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. मोबाइल कानाशी धरून त्या म्हणाल्या, "थांबा, आता हसतील."