पेनांगच्या बंदरात: जहाजाची बस की मुत्तूची टॅक्सी?

त्र्यंबकेश्वरला यात्रेकरू बसमधून पाय खाली ठेवतो न ठेवतो, तोच त्याला गाव-आडनाव विचारणारे पुढे होतात आणि संध्याकाळपर्यंत त्याने काय पाहायचं, कुठे जेवायचं, हे ठरून जातं. आम्ही नाशिककर लांबून हसतो. संस्कृतात अशा माणसाला यजमान म्हणतात. व्यवहारात, 'बसा' म्हटल्यावर जो बसतो तो. २००७च्या डिसेंबरात सिंगापूरहून निघालेल्या जहाजावर मी स्वतः यजमान झालो.

बरोबर पत्नी सुधा आणि तिचा धाकटा भाऊ किसन. मखमलाबादला त्याचा झेंडू-शेवंतीचा मळा आहे. त्या वर्षी त्याला ऑर्किडचा ध्यास लागला होता. शेडनेटचे खांब रोवून झाले होते. जाळी आणि रोपं यायची होती. ती आणण्याआधी ऑर्किडची बाग एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढ्यासाठी हा माणूस समुद्रावर आला होता.

पेनांगच्या आदल्या दिवशी आम्ही सहलींच्या काउंटरवर गेलो. जहाजाच्या सहलीत देऊळ होतं, टेकडीवरची रेल्वे होती, बाटिकचं दुकान होतं, बाग नव्हती. बाहेरची टॅक्सी केली तर? काउंटरवरच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की आमच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीला झाला तर थांबत नाही.

सुधाने तत्काळ बसचं तिकीट घेतलं. "मागे राहिलात, तर दोघं तिथेच फुलं विका," ती म्हणाली.

किसनने निघताना डेकवरच्या एका खुर्चीवर आपला चौकड्यांचा पंचा पसरला. पेठच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, आणि रुमालवाला चहा पिऊन येईपर्यंत कंडक्टर डबल बेल देत नाही, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. "पंचा हाय ना जागेवर," तो म्हणाला. "थांबतील."

धक्क्याबाहेर मुत्तू भेटला. तमिळ, बोलका, टॅक्सीत गणपती. (भाडं आधी ठरवा. आम्हा दोघांना जहाजाच्या एका तिकिटाहून कमीच पडलं.) जॉर्जटाउनच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर भात, सांबार आणि वांग्याची सुरेख भाजी जेवलो. किसनने मात्र आधी हारवाल्याचा झेंडू चिमटीत धरून पाहिला आणि "बरा हाय" एवढं प्रमाणपत्र दिलं. मग डोंगर ओलांडून बेटाच्या मागच्या अंगाला. रस्ता म्हणजे कसारा घाटाचा धाकटा भाऊ, पण गुळगुळीत. दोन्हीकडे जायफळाची झाडं आणि वळणावळणावर खाली समुद्र. त्या एका रस्त्यासाठीही मी पुन्हा जाईन.

बाग एका वयस्कर चिनी बाईंची. जांभळी, पिवळी फुलं आणि हवेत लोंबणारी मुळं. मी विशेषणं शोधत होतो. किसन पानांमागे हात धरून उभा होता. बराच वेळ उभा राहिला.

"दाजी, इथली हवाच ओली हाय. आपलं पौषातलं वारं लागलं तर हा जीव नाय धरायचा."

"मग ते खांब?"

त्याने एक लोंबतं मूळ हलकेच बोटांत धरून पाहिलं.

बाईंनी चहा मांडला. चहा न घेता कोणाच्या दारातून उठणं मखमलाबादच्या शास्त्रात बसत नाही. एकाचे दोन कप झाले. उतरताना घाटात ट्रकमागे अडकलो. बोलका मुत्तू गप्प झाला, तेव्हा मला खरी भीती वाटली.

जहाजाचा जिना काढायला उभ्या असलेल्या खलाशाने आम्हाला शेवटचे म्हणून आत घेतलं. डेकवर सुधा त्या पंच्यावर बसलेली. तिची बस केव्हाच परतली होती. देऊळ अप्रतिम होतं, माहिती सांगणारा मुलगा गुणी होता, कसली म्हणून धावपळ नव्हती, हे तिने नंतर सांगितलं. तेव्हा ती फक्त "जागा धरली होती," एवढंच म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"बघा दाजी," किसन म्हणाला, "थांबले का नाय."

विचारणाऱ्यांना माझा सल्ला असा: सगळं थोडंथोडं पाहायचं असेल, तर बिनघोर जहाजाची बस घ्या; ती पैसे घेते आणि काळजीही घेते. एकच काही पाहायला आला असाल, तर टॅक्सी करा, आणि चहा एकच घ्या.

होळीनंतर मळ्यावर गेलो. शेडनेटच्या खांबांना तारा ओढून किसनने कारली चढवली होती. वेल डोक्यावर पोचले होते, खाली झेंडू. त्याने टोपलीभर कारली सुधापुढे ठेवली.

"घे ताई. बोटीनं आणलेली हायत."

कारलं मला आवडत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. त्या रात्री मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.