सराफकट्ट्यासमोरची माती

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आईंडहोव्हनच्या कंपनीत पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला तोंडावर म्हणाले होते की तुमचं वेळापत्रक चुकलंय. डच माणसांना असलं बोलणं आवडतं. स्पष्टवक्ती म्हणून माझा नावलौकिक आहे, आणि मी तो जपते.

एकच गोष्ट मी स्पष्ट बोलले नव्हते. शेजारी राहणाऱ्या पुणेकर सहकाऱ्यानं आठ वर्षांपूर्वी विचारलं, "घरी काय करतात?" मी म्हणाले, "आई सांगलीत सराफकट्ट्यावर असायची." यात खोटं काही नाही. ती दुकानांच्या समोर असायची. पहाटे पायऱ्या झाडायची, गटारातला गाळ काढायची आणि तो घमेल्यात धुऊन सोन्याचे कण शोधायची. सोनारांच्या हातून उडालेला कीस पुन्हा त्यांनाच विकायची. माझ्या फिया त्यातूनच भरल्या गेल्या.

सहकाऱ्यानं मनाशी पेढी उभी केली. मी ती पाडली नाही. दर दिवाळीआधी त्याची बायको मला बांगड्यांचे फोटो दाखवायची आणि मी "घडण बरी आहे" असं म्हणायचे.

यंदा आई आली. स्किपोल विमानतळावरून येताना गाडीतच मी तिला सांगितलं, "कुणी विचारलं तर सराफकट्टा म्हण. पुढं काही बोलू नको."

"खोटं थोडीच हाय ते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मग त्या नवराबायकोनं बेत काढला. लिम्बर्गच्या पुढं, बेल्जियमच्या डोंगरात, जुन्या रेल्वेमार्गाचा सायकलरस्ता केलाय. त्याच्या कडेला एक गाव आहे, तिथं फार पूर्वी ओढ्याच्या वाळूतून सोनं काढायचे. "काकूंना दाखवू या," तो म्हणाला. "सराफांना आवडेल." नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

आईला सायकल येत नाही. म्हणून गाडीनं तिथवर जाऊन भाड्यानं बाकफीट्स घेतली, म्हणजे पुढं लाकडी खोका असलेली सायकल. त्या खोक्यात डच लोक पोरं बसवतात, मी आईला बसवलं. येणारे-जाणारे तिला हात करत होते. तीही करत होती.

गाव नीटनेटकं निघालं. ओढ्याकाठी गवतानं झाकलेले मातीचे उंचवटे होते आणि त्यांच्यापुढं पाटी होती. माती धुऊन झाल्यावर त्या लोकांनी जो कचरा टाकला, त्याचे हे ढीग. त्यांच्यावर चढायला मनाई आहे. सहकाऱ्यानं पाटी वाचून दाखवली. आईनं ढिगांकडे बराच वेळ पाहिलं. सांगलीत तिचे ढीग नगरपालिकेची गाडी उचलून न्यायची आणि वर तिलाच शिव्या मिळायच्या.

गाइड एक वयस्क बाई होती. बेल्जियमच्या त्या भागातल्या लोकांसारखी जर्मन बोलायची, आमच्या मोडक्या डचवर भागत होतं. तिनं सगळ्यांना प्लास्टिकची हिरवी ताटं दिली, गमबूट दिले आणि ओढ्यात उभं केलं. सहकारी तांदूळ धुतल्यासारखं ताट हलवू लागला. त्याची बायको म्हणाली, "काकूंना काय, नुसतं बघूनच कळेल."

"न्हाई ओ. दुकानातलं निराळं, हे निराळं," आई म्हणाली.

तिनं ताट पाण्यात धरलं आणि तिचं मनगट आपोआप फिरलं. वरची वाळू गेली, खडे गेले, तळाशी जड वाळूची काळी रेघ राहिली. आई वाकली. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि एका हिसक्यात सगळं ओढ्यात सांडून टाकलं.

"जमत न्हाई बाई," असं म्हणून हसली. दुसरं ताट तिनं आणखी वाईट धुतलं.

सहकारी मदतीला आला. चांगला माणूस आहे. त्यानं तिचं मनगट धरलं. "असं काकू. हळू. घाई नाही करायची."

"असं व्हय?" आई म्हणाली.

ते मला बघवेना. मी म्हणाले, "सोड तिचा हात. तिला येतं. आमची पेढीबिढी काही नाही. पेढ्यांसमोरच्या गटारात आईनं पंचवीस वर्षं हेच केलंय. आता मी तिला गप राहायला सांगितलंय म्हणून ती मुद्दाम सांडतेय."

गाइडनं काय झालं ते विचारलं. सहकाऱ्यानं सांगितल्यावर ती पाण्यातून चालत आली, आईचा ओला हात दोन्ही हातांनी हलवला आणि "कोलेगिन" म्हणाली, म्हणजे एकाच धंद्यातली. हे जर्मन आणि डच, दोन्ही भाषांत कळतं.

आठ वर्षं मी ज्या क्षणाला घाबरत होते तो एवढाच निघाला. मग सहकारी म्हणाला, "अगं, मग आधी का नाही बोललीस? हा तर वारसा आहे. मंडळाच्या गणपतीत काकूंचं प्रात्यक्षिक ठेवू."

"ठेवा की," आई म्हणाली. "गटार हाय का तुमच्याकडं?"

त्याची बायको आधी हसली, मग तोंडावर हात ठेवला. बांगड्या तिच्या हातात होत्या. त्या तिनं बाहीत सारल्या.

त्यानंतर आईनं पदर खोचला आणि खरं काम दाखवलं. पाच-सहा ताटं धुतली. गाइड वाकून बघत होती, मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. कुठल्याच ताटात काही लागलं नाही. आईनं हात झटकले. "आमच्या गटारात ह्याच्यापेक्षा जास्त असायचं," ती म्हणाली. सहकाऱ्यानं हे भाषांतर करायचं टाळलं.

परतताना चढ होता. आई खोक्यात, पाठ माझ्याकडे. मला वाटलं, चारचौघांत उघडं पाडलं म्हणून रागावली.

"बोलायचंच हुतं तर आधी बोलायचंस," ती म्हणाली.

"चुकलं माझं."

"चुकलंच. पहिल्या ताटात हुतं की गं. चांगले दोन कण." तिनं मागं वळून बोटाच्या पेरावर अंगठा टेकवून ते केवढे होते ते मला दाखवलं. "उगाच सोडलं मी."