हसण्यासाठी सोडलेली जागा

आज कपाट आवरताना लाल टाय सापडला. नाकाशी धरला, डांबरगोळीचा वास आला, आणि मी थेट केंदूरच्या जत्रेतल्या स्टेजवर जाऊन उभा राहिलो.

त्या वर्षी केबलवर दोन इंग्रज नटांचा विनोदी कार्यक्रम लागायचा. एक उंच, एक बुटका, दोघांच्या गळ्यात लाल टाय. मला आणि माझ्या मित्राला, सदाला, इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रत्येक वाक्यानंतर न दिसणारी माणसं खदाखदा हसायची, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. सहा आठवड्यांत कार्यक्रम बंद पडला. सदा म्हणाला, "आता आपुनच करू की, मराठीत."

जत्रेत आम्ही टाय लावून उभे राहिलो. त्यांच्यासारखंच प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं ठरलं होतं, लोकांना हसायला जागा म्हणून. पहिल्या वाक्याला थांबलो. कुणी हसलं नाही. दुसऱ्याला थांबलो, तर जनरेटरची धडधड तेवढी ऐकू आली. पुढं बसलेले एक आप्पा म्हणाले, "बोलनं इसरली काय रं ही पोरं?"

मी सरळ खाली उतरलो. सदा एकटाच दोघांची वाक्यं म्हणत राहिला, थांबत राहिला. मग रडवेल्या आवाजात म्हणाला, "ये की रं वर."

लोकांना तो विनोद वाटला. सगळी जत्रा हसली.

आता कितीदा वाटतं, त्या चार पायऱ्या परत चढाव्यात. पण सदा जाऊन वर्षं लोटली. वर कुणीच नाही. कानात ते हसणं तेवढं राहिलंय, आणि त्यात माझंही आहे.