सोन्याचे कण आणि सत्काराची चादर

आमच्या सोलापुरात माणूस कर्तबगार ठरला की त्याला चादर पांघरतात, मग बाहेर एप्रिलचं ऊन का असेना. शेजारच्या मुलीवर ही वेळ आली तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो, तिच्या वडिलांना धरून बसवायला. चादरींच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर माल तपासला. पक्षाघातानंतर डावा हात नुसता मांडीवर पडलेला असतो.

मुलगी चेतापेशींवर संशोधन करते. चेतापेशीला प्रकाश कळत नाही. तो कळावा म्हणून काहीजण तिच्या जनुकांतच बदल करतात. ही जनुकांना हात लावत नाही. डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण ती पेशीला बाहेरून चिकटवते. प्रकाशाचा झोत पडला की कण किंचित तापतात आणि पेशी संदेश सोडते. सोन्याचा इतका कमी आणि इतका शहाणा वापर मी तरी आमच्याकडे पाहिलेला नाही.

अध्यक्षांना एवढ्यानं भागेना. "आपल्या लेकीच्या औषधानं लुळे हात पुन्हा चालणार," असं त्यांनी जाहीर करून टाकलं. सभागृहात टाळ्या झाल्या. वडिलांनी डाव्या हाताकडे पाहिलं, मग मुलीकडे. आता ती गप्प राहिली असती, तर ते उद्यापासून वाट बघायला लागले असते.

ती माइकपाशी गेली. "हे औषध नाही. आम्ही काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर काम करतो. माणसापर्यंत हे कधी पोचेल, पोचेल की नाही, मला माहीत नाही."

या वेळी टाळ्या बेतानंच पडल्या. मी मात्र वाजवत राहिलो. शेवटी अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर वडिलांनी ती चादर मांडीवर पसरायला सांगितली. उजव्या हाताची बोटं काठापासून सरकत गेली आणि एका जागी थांबली.

"हितं धागा सुटलाय. आमी ही बाजूला काढली असती."

"सत्काराची आहे, नाना."

"म्हणून काय झालं? तू अध्यक्षांचं बोलणं काढलंसच की बाजूला."

ती हसली, पण तिनं डोळेही पुसले. त्यांनी उजव्या हातानं डावा उचलला आणि सुटलेल्या धाग्यावर नेऊन ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला.

"ह्याला काय कळत न्हाय अजून."

"अजून नाही, नाना."

"बरं. तुझं चालू दे. फक्त घाईनं माल पास करू नकोस."